डबल क्लच आणि डावा पाय

नांदेडला व्याह्यांच्या दारापर्यंत गाडी न्यायची, बायको आणि सून यांना उतरवायचं आणि स्वतः खाली न उतरता तशीच गाडी वळवून लातूरला परत यायचं, असं हणमंतरावांनी ठरवलं. ठरवायला फार वेळ लागला नाही. चहा संपायच्या आत ठरलं. पुढचं सगळं त्या एका चहामुळे झालं.

हणमंतराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी, आणि तीही बिनअपघात. त्यांनी उमेदवारी केली त्या काळच्या गाड्यांना गिअर नुसता ओढून पडत नसे. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलेटरला हलकी टाच द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पुढचा गिअर. याला म्हणतात डबल क्लच. गिअर पडल्याचा आवाज मागच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवरल्या लेकरालासुद्धा येता कामा नये, हे त्यांचं मोजमाप. (लेकरू झोपलेलं असलं पाहिजे, अशी अटही ते घालत.) पुढे गाड्या सुधारल्या, पण हणमंतरावांचा डावा पाय सुधारला नाही. मुलाच्या, वीरेशच्या जुन्या कारमध्येही ते दर गिअरला दोनदा क्लच मारत. वीरेशने एकदा समजावलं, की आता गिअरबॉक्स हे काम आतल्या आत करतो. त्यावर, देव आतल्या आत सगळं जाणतो म्हणून आपण हात जोडायचं सोडतो का, असं त्यांनी विचारलं. वीरेशने विषय सोडला आणि पुढच्या वर्षी ऑटोमॅटिक गाडी घेतली.

त्या गाडीला क्लचच नव्हता. हणमंतराव तीन महिने तिच्याकडे पाहुण्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघत होते.

आता व्याह्यांचं. सुनेचे, म्हणजे ऋतुजाचे वडील मल्लिकार्जुनआप्पा नांदेडचे. लग्नात हणमंतराव फेटा बांधून, वरबाप म्हणून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. पाण्याचा टँकर आत यायचा होता आणि वाटेत एक जीप आडवी. कामाच्या घाईत आप्पांनी हाक दिली, "ड्रायव्हरसाहेब, तेवढी जीप बाजूला घेता का?" हणमंतरावांनी जीप बाजूला घेतली. आवाज न करता, डबल क्लच मारून घेतली. आणि मग न जेवता लातूरला निघून आले. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी आप्पांच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, आणि आप्पांनीही कधी त्यांना स्वतः फोन केला नव्हता. मध्ये ऋतुजाची ओढाताण व्हायची, पण ती बोलून दाखवत नसे.

आता ऋतुजाच्या भावाचा, बालाजीचा साखरपुडा निघाला. वीरेश ऑफिसच्या कामाला पुण्यात. केवळाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. आम्ही दोघी जातो. गाडी ऋतुजा चालवील."

घरातली गाडी नांदेड रस्त्याला लागणार, सून चालवणार आणि एकतीस वर्षांचा ड्रायव्हर घरी टीव्ही बघणार, हे काही हणमंतरावांना सोसलं नाही. म्हणून मग तो चहा, आणि तो निर्णय.

निघताना ऋतुजाने दोनच गोष्टी सांगितल्या. गिअरचा दांडा इथे ठेवला की गाडी पुढे जाते, आणि डावा पाय मागे घेऊन बसायचं, त्याला काही काम नाही. दुसऱ्या गोष्टीचा हणमंतरावांना रागच आला. इतकी वर्षं राबलेल्या पायाला असं तोंडावर कुणी सांगतं का?

गाडी लातूरच्या बाहेर पडेपर्यंत ठीक चालली. मग पुढे एक ट्रॅक्टर आला. वेग कमी करायचा म्हणून डावा पाय सवयीने उठला आणि क्लचवर जोरात पडला. म्हणजे ब्रेकवर. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ऋतुजा समोर आदळता आदळता पट्ट्यामुळे वाचली आणि मागून आलेला मोटारसायकलवाला कसाबसा बाजूला झाला. खिडकीशी येऊन त्याने शांतपणे विचारलं, "काका, लायसन काढलंय का अजून काढून राहिले?" एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

चाकूरच्या गतिरोधकावर पुन्हा तेच झालं. या वेळी डाव्या हातानेही पायाला साथ दिली, दांडा न्यूट्रलला गेला, इंजिन रिकामंच ओरडलं, आणि मागे केवळाबाईंच्या मांडीवरच्या डब्यातला शेंगदाण्याचा एक लाडू उडून समोरच्या काचेवर फुटला.

केवळाबाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून आप्पांना द्यायच्या आहेराचा नवा टॉवेल काढला, खाली उतरून नवऱ्याचा डावा पाय मागे ओढला आणि सीटखालच्या लोखंडी दांडीला बांधून टाकला.

"मामी, हे बरं दिसतं का?" ऋतुजा सासूला म्हणाली.

"कोण बघून राहिलंय? नांदेडला पोचल्यावर सोडते."

आणि गंमत अशी, की त्यानंतर गाडी लोण्यासारखी चालली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, एक धक्का नाही. मागे केवळाबाईंना झोप लागली. हणमंतरावांना मनातून कबूल करावं लागलं, की गाडी स्वतःच गिअर बदलते आणि आवाज खरंच येत नाही. अगदी त्यांच्या मोजमापाने येत नाही. हे कळल्यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण आपण एकतीस वर्षं कमावलेली गोष्ट कुणीतरी खोक्यात भरून विकायला ठेवली आहे, असं काहीसं त्यांना वाटलं. बांधलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

नांदेडला आप्पांच्या दारात गाडी थांबली. दारात मंडप, पाहुणे, गडबड. केवळाबाई डोळे चोळत जाग्या होत होत्या. हणमंतराव ठरल्याप्रमाणे समोर बघत बसून राहिले. पण आप्पाच पायऱ्या उतरून आले, त्यांच्या बाजूचं दार स्वतःच्या हाताने उघडलं आणि एकच शब्द बोलले, "या."

एवढ्या वयाचा माणूस दार धरून उभा असताना आपण बसून राहायचं, हे काही हणमंतरावांना जमेना. त्यांनी पट्टा काढला, टोपी सारखी केली आणि वरबापाला शोभेल अशा रुबाबात उजवा पाय बाहेर टाकला.

डावा पाय आला नाही.

ते पूर्ण लांबीचे पालथे पडले. झटक्याने टॉवेलची गाठ सुटली, म्हणून निदान अख्खे बाहेर पडले. नाक फरशीवर घासलं आणि दोन्ही हात जाऊन पडले ते बरोबर आप्पांच्या पावलांवर.

मंडपातले पाहुणे वळून बघायला लागले. मुलाचा बाप मुलीच्या बापाला भर पाहुण्यांत साष्टांग दंडवत घालतोय, असं दृश्य तिथे कुणीच पाहिलेलं नव्हतं. आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी खाली बसून हणमंतरावांना दंडाला धरून उठवलं आणि मिठी मारली.

"चूक माझी होती, व्याही," ते म्हणाले. "मांडवात तुम्हाला जीप काढायला लावली. तीन वर्षं फोन हातात घेऊन खाली ठेवून राहिलो. आन् तुम्ही पाया पडून राहिले."

हणमंतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण आप्पांच्या खांद्यावरून त्यांना ऋतुजा दिसली. ती पदराने डोळे पुसत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"आन् हा टॉवेल?" आप्पांनी त्यांच्या पायात लोंबणाऱ्या टॉवेलकडे बघून विचारलं.

"तुमच्या आहेराचा हाय," केवळाबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

नाकाला हळद लावून हणमंतराव बैठकीत बसले. थोड्या वेळाने बाहेर कर्रकर्र आवाज सुरू झाला. फुलांची टोपली आणि पाटबिट साखरपुड्याच्या हॉलवर न्यायला आप्पांची शेतातली जुनी जीप काढली होती आणि बालाजीच्या मित्रांपैकी कुणालाच तिचा दुसरा गिअर पडत नव्हता. हणमंतरावांना तो आवाज सोसवेना. ते उठून गेले, पोरांना बाजूला सारलं आणि आप्पांना शेजारी बसवलं. क्लच, न्यूट्रल, क्लच. गिअर पडला.

"आवाजच न्हाई आला," आप्पा चकित होऊन म्हणाले.

हणमंतराव म्हणाले, की नव्या गाडीत ह्या विद्येचा काही उपयोग नाही, उलट लाडू उडतात. (लाडवाचा संदर्भ आप्पांना लागला नाही.) पण हॉलपर्यंतच्या वाटेवर त्यांनी गरज नसताना सात वेळा गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी परत येताना त्यांनी आपण होऊन किल्ली सुनेच्या हातात दिली आणि मागे केवळाबाईंच्या शेजारी बसले. दर गतिरोधकाला त्यांचा डावा पाय पायाखालची चटई दोनदा दाबत होता. लोह्यानंतर केवळाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तो लातूर येईपर्यंत काढला नाही.

पंधरा दिवसांनी आप्पांचा फोन आला. आता ते स्वतः फोन करत. हदगावच्या थोरल्या भावाशी त्यांचं शेताच्या बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. व्याह्यांचा मोठेपणा बघून आपल्यालाही सुचलं, आपणही जाऊन भावाच्या पाया पडायचं ठरवलंय, असं ते म्हणाले. हणमंतरावांचा ऊर भरून आला. आपल्या हातून नकळत का होईना, एक चांगलं काम झालं, असं त्यांना वाटलं.

"फक्त एक विचारायचं होतं," आप्पा म्हणाले. "तुम्ही आधी गुडघे टेकवले होते का थेट पालथे?"

"थेट पालथा," हणमंतराव म्हणाले. "पण नाक सांभाळा, आप्पा."

पलीकडे आप्पा विचार करत होते.

"मग असं करा," ते शेवटी म्हणाले, "तुम्हीच चला माझ्यासोबत हदगावला. पाया तुम्ही पडा. मी मागं हात जोडून उभा राहतो. तुम्हाला सवय हाय."

हणमंतरावांनी आपल्या नाकाला हात लावून बघितला. शेजारी बसून सगळं ऐकत असलेल्या केवळाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कोणत्या तारखेला यायचं, ते विचारून घेतलं.