बदलू नये

मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा हेडक्लार्क दाढी करत होते. फोन बायकोनं घेतला आणि दारातूनच सांगितलं, "अहो, तुमचे ते गाडीच्या वायरिंगवाले गेले. झोपेतच. साडेनऊला नेणार आहेत."

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून हेडक्लार्कनी विचारलं, "आणि माझा हॉर्न?"

शब्द तोंडातून निसटला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. बायकोनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की उरलेल्या अर्ध्या गालाला दोन ठिकाणी कापलं.

भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. घरात बोलायचे विषय केव्हाच संपले होते. उरली होती ती गाडी. वडिलांच्या वेळची, गोल दिव्यांची, शेहेचाळीस वर्षांची. तिला एकच खोड होती. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. मग हेडक्लार्क शनिवारी ती मिस्त्रींकडे न्यायचे, मिस्त्री डॅशबोर्डखाली डोकं घालून काहीतरी करायचे, आणि हॉर्न गप्प व्हायचा. तीनेक आठवड्यांनी पुन्हा सुरू. या तीन आठवड्यांत फार तर दोनदा गाडी बाहेर निघायची, पण त्या शनिवारची वाट हेडक्लार्क सोमवारपासून बघायचे. भिंतीला टेकून ठेवलेल्या जुन्या सीटवर बसायचं, मिस्त्रींच्या गुडघ्यांची चौकशी करायची, स्वतःच्या पाठीबद्दल सांगायचं, आणि मग दोघांनी तासभर काहीच बोलायचं नाही. हे त्यांना दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं.

त्या सकाळी गाडी न्यायला नको होती. पण मिस्त्रींना शेवटचं भेटायला रिक्षानं जायचं हे त्यांच्या मनाला पटेना. डावं वळण टाळायला ते अर्धं गाव उजवीकडून उजवीकडे फिरले. मिस्त्रींच्या गल्लीचं तोंड मात्र डावीकडेच होतं. हेडक्लार्कनी श्वास रोखला आणि झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं स्टिअरिंग हळूहळू वळवलं.

हॉर्न वाजला. आणि थांबेना.

दारात जमलेली चाळीसएक माणसं एकदम वळली. हेडक्लार्कनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, किल्ली काढून घेतली, बटणावर बुक्की मारली. हॉर्न आपला एका सुरात चालूच. जणू कोणाला तरी उठवल्याशिवाय तो थांबणार नव्हता.

"अहो, बंद करा ना ते!" एक गृहस्थ खिडकीशी येऊन ओरडले. "काही लाजलज्जा?"

"बंद कसं करायचं ते फक्त त्यांनाच माहीत होतं हो!" हेडक्लार्कनी रडवेल्या आवाजात घराच्या दाराकडे बोट दाखवलं.

दारातून मिस्त्रींची मुलगी बाहेर आली. तिशी ओलांडलेली, परगावी लिफ्टच्या कंपनीत नोकरी करणारी. डोळे सुजलेले होते. तिनं बॉनेट उघडलं, बॅटरीची तार उपसून काढली, आणि गल्लीत अशी शांतता पसरली की आतल्या बायकांचे हुंदके पहिल्यांदा ऐकू आले.

"नंतर बोलू, काका," ती म्हणाली आणि आत गेली.

पण नंतरपर्यंत थांबायला शववाहिकेला वेळ नव्हता. ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि हेडक्लार्कची गाडी बरोबर मध्ये. शेवटी पांढऱ्या कपड्यातल्या सहा माणसांनी गाडी ढकलली. एका बाजूला घराची ओटी आणि दुसऱ्या बाजूला गटार. ढकलण्याजोगी मोकळी जागा एकच होती. मिस्त्रींचं गॅरेज.

"शेवटच्या दिवशीसुद्धा गिऱ्हाईक," मागून कोणीतरी पुटपुटलं. हेडक्लार्कना गाडीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. "काका, गाडी बघून टाकू. सोमवारी मी कामावर परत जातेय, त्याआधी गॅरेज बंद करायचंय."

हेडक्लार्क शुक्रवारी सकाळी पोचले. जुन्या सीटवर बसले नाहीत. तिनं डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, बॅटरी लावली. हॉर्न आता पुन्हा फक्त डावीकडेच वाजत होता. तिनं आत टॉर्च मारला.

"काका, या सगळ्या वायरी काळ्या आहेत."

"काळ्याच आहेत."

"लाल, हिरवी, पिवळी, काहीच नाही?"

"त्यांनी एकदा काळ्या वायरचं मोठं भेंडोळं आणलं होतं. ते संपेपर्यंत दुसरा रंग आणणार नाही म्हणाले."

"संपलं का?"

दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. भेंडोळं अजून गुडघाभर उंच होतं.

नकाशा कुठेच नव्हता. तो मिस्त्रींच्या डोक्यात होता आणि त्यांच्याबरोबरच गेला. तेव्हा हेडक्लार्कनी खिशातून पेन काढलं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनींना क्रमांक दिले होते, एका गाडीच्या वायरींना देणं काय अवघड? सुंदर, वळणदार अक्षरात त्यांनी एक्केचाळीस चिठ्ठ्या केल्या आणि एकेका वायरीला बांधल्या. शेजारी कागदावर नोंद: क्रमांक सतरा. कुठून येते, माहीत नाही. कुठे जाते, माहीत नाही. शेरा, तपास चालू.

"काका, मी एकेक सोडवते, तुम्ही स्टिअरिंग डावीकडे घ्या. ज्या वायरीनं हॉर्न थांबेल तिच्यात शॉर्ट."

दुपारपर्यंत सव्वीस वायरी सोडवून परत जोडून झाल्या. शेजारच्या घराची खिडकी तीन वेळा आपटून बंद झाली. आणि मग अचानक, हेडक्लार्कनी ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा वायपर फिरू लागला.

"हे आधी होत होतं?"

"नाही, हे नवीन आहे."

आडवं पडून टॉर्चच्या उजेडात वाचताना तिनं क्रमांक एकची वायर क्रमांक नऊच्या जागी लावली होती. हेडक्लार्कच्या वळणदार एकाला एवढी मोठी शेपटी होती की त्याचा नऊ झाला होता.

"कचेरीत कोणी कधी तक्रार केली नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"म्हणूनच आमच्या शेजाऱ्यांचं अंगण अजून दुसऱ्याच्या नावावर असेल," ती म्हणाली. त्यावर हसण्याची दोघांचीही मनःस्थिती नव्हती.

तिनं वायर ओढून काढली. एक ठिणगी उडाली, जळका वास सुटला आणि फ्यूज गेला. हॉर्न, वायपर, दिवे, सगळं ठप्प. ती डॅशबोर्डखालून सरकत बाहेर आली आणि तिथेच जमिनीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली. तिचे खांदे हलताना पाहून हेडक्लार्कना काय करावं कळेना. फायलीतून मान वर न काढता आयुष्य गेलेला माणूस तो. त्यांनी आपला रुमाल काढला, तो काळा झालेला पाहिला आणि परत खिशात ठेवला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "भंगारात देतो."

"बाबांना जमायचं ते मला अर्धा दिवस घालवून जमत नाही," ती नाक ओढत म्हणाली. "त्या डब्यात फ्यूज आहेत बघा. वरच्या फळीवर."

फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात फ्यूज होते आणि फ्यूजखाली एक तेलकट वही. प्रत्येक गाडीला एक पान. आपल्या गाडीचं पान हेडक्लार्कना लगेच सापडलं. वर गाडीचा आणि फोनचा नंबर, खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे दोनच शब्द: टेप लावली. टेप लावली. टेप लावली. अकरा वर्षांच्या टेपा. आणि पानाच्या माथ्यावर, अकरा वर्षांपूर्वीच्याच शाईत:

"मूळ दोष: स्टिअरिंगच्या दांड्याला हॉर्नची वायर घासते. नवी टाकायला अर्धा तास. बदलू नये."

हेडक्लार्कनी ते तीनदा वाचलं. म्हणजे मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तरीही त्यांनी तो दोष जपून ठेवला. कशासाठी? शनिवारसाठी! या जगात आपल्याला कोणीतरी इतकं धरून ठेवलं होतं, आणि आपण मात्र तो गेला तेव्हा हॉर्नचं विचारलं.

"बघ," त्यांनी वही पुढे केली. "बघ तुझ्या वडिलांनी माझ्यासाठी काय केलं."

तिनं वाचलं. मग पान उलटलं. दातांच्या डॉक्टरांची गाडी. मूळ दोष: मागच्या दिव्याची अर्थिंग. वीस मिनिटं. बदलू नये. पुढचं पान, निवृत्त पोस्टमास्तर. बदलू नये. त्यापुढे शिवणकामाच्या बाई. बदलू नये. असे एकूण चौदा.

हेडक्लार्क जुन्या सीटवर जाऊन बसले. चौदा. त्यांच्या चेहऱ्यावरची कळा पाहून तिनं वही मिटली.

"काका, बदलू?"

"बदल," हेडक्लार्क म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बदल."

बरोबर अर्धा तास लागला. भेंडोळ्यातलीच काळी वायर तिनं टाकली, नवा फ्यूज बसवला. हेडक्लार्कनी स्टिअरिंग टोकापर्यंत डावीकडे फिरवलं. काही वाजलं नाही. उजवीकडे घेतलं, पुन्हा डावीकडे घेतलं. गाडी अकरा वर्षांत पहिल्यांदा निर्दोष झाली होती, आणि गॅरेजात दोन माणसं एखाद्या वाईट बातमीनंतर बसावं तशी बसली होती.

"बाकीच्या तेरा जणांना सांगायला हवं," शेवटी ती म्हणाली. "बाबांनी ठेवलेले शॉर्ट आहेत. उद्या कोणाची गाडी पेटली तर? मी गेल्यावर बघणार कोण? काका, तुम्ही कराल फोन? मला नाही जमणार. बाबांनी फसवलं, हे मी कसं सांगू?"

फोन करणं, कळवणं, नोंद घेणं, हे हेडक्लार्कचं काम होतं. त्यांनी गॅरेजच्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि वहीतला पहिला नंबर फिरवला. दातांचे डॉक्टर. अनेकदा हेडक्लार्क येत तेव्हा ते निघत असत, दोघांची एकमेकांना मान हलवण्यापुरती ओळख होती.

"डॉक्टर, मी शनिवारचा. हॉर्नवाला. मिस्त्रींच्या वहीत तुमच्या गाडीबद्दल नोंद आहे. मागच्या दिव्याची अर्थिंग मुळातच खराब आहे. ती त्यांनी मुद्दाम..."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ती मी सहा वर्षांपूर्वीच दुसरीकडून दुरुस्त करून घेतली," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्ही परवापरवापर्यंत..."

"येताना वायर जरा सैल करायचो. पान्यानं. मिस्त्रींना सांगू नका." ते थांबले. "म्हणजे, आता काय सांगणार म्हणा."

हेडक्लार्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टर आणखी काही विचारत होते. त्यांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला.

"काय म्हणतायत?" मुलीनं विचारलं.

"विचारतायत, शनिवारी गॅरेज किती वाजता उघडतं."

ती बराच वेळ हातावरचं तेल पुसत राहिली. पुसण्याजोगं काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिली.

"लिफ्टवाल्यांना शनिवारी सुट्टी असते," ती स्वतःशीच म्हणाली. मग वर पाहिलं. "दहा सांगा. आणि गाडी नाही आणली तरी चालेल म्हणावं."

हेडक्लार्कनी क्षणभर विचार केला. नुसताच शनिवारी घराबाहेर पडणारा म्हातारा कसा दिसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तळहात काढला.

"दहा वाजता," ते फोनमध्ये म्हणाले. "आणि डॉक्टर, गाडी घेऊनच या. बघावी लागेल."