इब्राहिमचाचांचं पाखरू

दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की इब्राहिमचाचा माझ्या दुकानात येतात, रांगेतल्या माणसांना कोपरानं बाजूला सारतात आणि विचारतात, "दिनू, पाखरू काय म्हनतंय?"

नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, चाचांनी कोंबड्या पाळल्यात. तसं काही नाही. हे पाखरू कुठल्या तरी दूरच्या बेटावर, डोंगरमाथ्याच्या दाट रानात राहतं. चाचा गेवराईत राहतात आणि हायवेला ट्रक-ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात. दोघांची गाठ कधी पडलेली नाही. खरं तर त्या पाखराची कुणाशीच फारशी पडलेली नाही, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. एकदा लाईट गेली म्हणून चाचा बसून राहिले आणि कॉलेजच्या कुण्या पोरीनं प्रिंटरवर विसरलेला कागद वाचू लागले. त्यावर चिमणीएवढ्या, मातकट पाखराचं हातानं काढलेलं चित्र. फोटो नाही, कारण कुणाला काढताच आला नव्हता. खाली छापलेलं: जगातल्या पक्ष्यांच्या यादीत स्थिती, माहिती अपुरी.

"म्हंजे हाय का न्हाई?"

"कुणालाच ठाऊक नाही, चाचा. लई वर्षांत दिसलं नाही. हाय म्हणायला पुरावा नाही, मेलं म्हणायला बी नाही."

"यादी करनारे लई शाने लोक हायेत बे!" चाचांनी खूश होऊन कागदाची घडी खिशात घातली. तेव्हापासून दर शुक्रवारी, पीकविम्याची रांग थांबवून मला ती यादी उघडावी लागते.

यादीतल्या धोक्याच्या बाकीच्या पायऱ्याही चाचांना तोंडपाठ झाल्या आणि गावाच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. तलवाड्याचे एक पाटील ट्रॅक्टर घेऊन आले, तर चाचा बॉनेट उघडून गंभीरपणे म्हणाले, "पाटील, रेडिएटर अतिसंकटग्रस्त हाय." पाटील बिचारे मटकन खालीच बसले. समोरच्या हॉटेलातल्या चहातलं दूध चाचांच्या मते नामशेष आहे. माझे केस असुरक्षित आहेत. माझी स्कूटर रानातून संपलेली असून आता फक्त पिंजऱ्यात जगते.

एकदा मी वैतागून म्हणालो, "चाचा, गर्दी बघा की! मेलं असंल ते पाखरू. सोडा आता नाद."

चाचांचा चेहरा उतरला. "दिसलं न्हाई म्हंजे मेलं व्हय बे? काल तुजं दुकान बंद व्हतं. मी कुनाला म्हनलो का, दिनू मेला म्हनून?"

मी यादी उघडली.

दुसरी गंमत त्यांच्या बोर्डाची. 'इब्राहिम आणि ब्रदर'. दर ईदेला चाचा तो रंगवून घेतात. ब्रदर मात्र मी कधी पाहिला नव्हता. माझी समजूत अशी की पेंटरनं सवयीनं लिहिलं असेल.

मग गेल्या महिन्यात रेशन कार्डाची केवायसी आली. कार्डावरच्या प्रत्येकानं अंगठा द्यायचा, जो देणार नाही त्याचं नाव कमी करायचं. चाचा आणि चाचींचे अंगठे झाले. तिसरं नाव होतं सलीम.

"हे कोण, चाचा?"

"धाकटा भाऊ." चाचा टेबलावरचं पेन उगाच उघडझाप करत राहिले. "बारा वर्सं झाली. रेडिएटरचं झाकन वाकडं लावलं म्हनून मी त्याच्या कानफटात मारली. त्याच दिवशी एका ट्रकवर बसून गेला. फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई."

मी खाली मान घालून नाव कमी करायची कारणं वाचू लागलो. "लग्न?"

"झालं असंल तर लई बरं हाय."

"स्थलांतर?"

"कुटं गेला, ते लिवावं लागंल ना?"

तिसरं कारण 'मयत' होतं. ते मी वाचलं नाही. चाचांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं.

"माहिती अपुरी न्हाई का ह्यात?"

"न्हाई, चाचा."

"पाखरासाठी रकाना ठिवला," चाचा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "अन् मानसासाठी न्हाई?"

मला माझीच लाज वाटली. इतके शुक्रवार मी या माणसाला हसत होतो. मी फॉर्म बंद केला. "ऱ्हाऊ द्या नाव. मुदत लई हाय अजून. नंतरचं नंतर बघू." आणि ते विचारायच्या आतच पाखराची यादी उघडली. "तसंच हाय, चाचा. माहिती अपुरी."

चाचांनी वाकून पडद्याकडं बघितलं, दोनदा मान हलवली आणि निघाले. दारात जाऊन थांबले.

"दिनू, आता त्यानं झाकन वाकडं लावलं ना, तरी मी काय म्हननार न्हाई."