तीन नंबरचा आवाज

सदू मिस्त्री गाडी तपासायला लागला की सगळ्यात आधी गाडीच्या मालकाला गप्प करायचा.

माझी त्याची पहिली भेट अशीच झाली. वडशाला स्टेशनाजवळ माझं लाकडाचं आवार आहे. कुरखेड्याकडच्या जंगलातून बांबू आणि सागवान आणायचं आणि रेल्वेत भरायचं, हा माझा धंदा. बैलबंडीपासून सुरुवात केली आणि कोणाच्या बापाचं देणं न लागता तीन ट्रकांपर्यंत आलो. तिन्ही ट्रक जर्मन-जपानच्या लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेले. त्यातला तिसरा, ज्याला आम्ही तीन नंबर म्हणत असू, चढावावर बसायचा. चांद्यापासूनचे मिस्त्री झाले, कोणाला दुखणं सापडेना. मग कोणीतरी सदूला घेऊन आलं. काटकुळा, बावीस-तेवीसचा, हात काळे आणि खिशाला पेन. मी गाडीचं दुखणं सांगायला तोंड उघडलं, तर हा माझ्याच आवारात मला म्हणतो, "भाऊ, तुम्ही दहा पावलं मागं सरा आन् चूप राहा. तिले बोलू द्या."

"अबे, गाडी कोणाची?"

"तुमची. म्हणूनच. मालक खोटं सांगते. इंजिनले खोटं सांगता येत नाई."

मला राग चटकन येतो, हे साऱ्या वडशाला ठाऊक आहे. पण तेवढ्यात त्यानं डोळे मिटले, त्यामुळे माझा राग त्याला दिसलाच नाही. सागवानाची एक हातभर काठी त्यानं चालू इंजिनाला टेकवली, दुसरं टोक दातांत धरलं, कानांत बोटं घातली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग काठी पुसत म्हणाला, "तुम्ही हिच्यावर कागदावर लिहिल्यापेक्षा जास्त माल भरता."

ते खरं होतं. त्याच दिवशी मी त्याला कामावर ठेवला. हा जंगल नाक्यावर जाऊन बोलेल या भीतीनं ठेवला, असं लोक म्हणतात. लोकांना काय!

सदूचे वडील गोंडपिपरीला मास्तर. पोरगा मॅट्रिक पास. आमच्याकडे मॅट्रिक पास म्हणजे तहसील कचेरीतली खुर्ची, आणि मास्तरांनी ती बघूनही ठेवली होती. ते एकदा माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "किसनभाऊ, याले हाकला. तुम्ही हाकललं का कचेरीत जाईन."

मी म्हणालो, "मास्तर, मी एकदा घेतलेला माल परत करत नाई."

मास्तर रडवेले होऊन गेले. सदू गाडीखालून ओरडला, "बाबा, खुर्चीले आवाज नसते हो!"

इंजिनापुढे त्याला माणसं दिसत नसत. हिवाळ्यात वडशाला नाटकांचा मोसम. एका वर्षी एका मंडळीनं दिव्यांसाठी मंडपामागं छोटं इंजिन लावलं होतं. राजा मरणाच्या दारात, राणी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडते आहे, बाया पदरानं डोळे पुसताहेत, आणि सदू उठून थेट रंगमंचाशी गेला. हात वर करून म्हणाला, "जरा थांबा. इंजिनमंदी टकटक होऊन राह्यली."

राणीचं रडणं बंद पडलं. राजानं मान उचलली. "अरे भाऊ, मले मरू तर दे!"

"मरा ना. पण हळू मरा. बेअरिंग गेली तर अंधारात मराव लागन."

लोक पोट धरून हसले. मंडळीचा मालक माझ्या अंगावर आला, कारण सदू माझा माणूस. मी त्याच्याशी भांडून घेतलं. नंतर इंजिन उघडलं तर आत तेलाचा थेंब नव्हता. मालकानं माफी मागितली, पण ती सदूची. माझी अजून बाकी आहे.

एकदा मीच त्याच्यासाठी मुलगी बघितली. मुलीच्या वडिलांची धानाची गिरणी होती. मला वाटलं, इंजिनाचं घर, पोरगा हरखून जाईल. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा हा परसात गिरणीच्या इंजिनाशी दातांत काठी धरून बसला होता. परतताना म्हणाला, "पोरगी चांगली असन, म्या पाह्यली नाई. पण बुढा इंजिनले जळकं तेल पाजते, भाऊ. जावयाले काय पाजीन?"

त्याच्याजवळ ट्रकाच्या कंपनीचं एक इंग्रजी पुस्तक होतं. दुपारी सगळे झाडाखाली लवंडले की हा शब्दकोश घेऊन ते वाचत बसे. चित्रं त्याला पाठ होती. आकडेमोड आणि अक्षरांची गणितं आली की पान तसंच उघडं ठेवून जंगलाकडे बघत राही. मी ते बघत होतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका उन्हाळ्यात तो कागद घेऊन समोर उभा राहिला. नागपूरला इंजिनांचा डिप्लोमा निघाला होता, आणि यादीत त्याचं नाव आलं होतं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"तीन."

"दीड कर."

"भाऊ, हे बैल नाई."

"बरं, दोन. त्याच्या वर एक दिस नाई."

"सरकारनं ठरवलं हो ते."

"सरकारशी कोणी नीट बोललंच नसन. मी येतो नागपूरले."

तो हसला. मी हसत नव्हतो. मी पगार वाढवला. आवारातली खोली देऊ केली. शेवटी तिन्ही ट्रकांत भागीदारी देऊ केली, जी मी सख्ख्या भावाला दिली नव्हती. तो कागदाची घडी घालत, उघडत उभा राहिला.

"भाऊ, तुम्ही जे देऊन राह्यले ते सारं मले पाह्यजेच आहे. पण इंजिन कसं चालते ते मले दातानं कळते. काऊन चालते, कारण काय, ते नाई कळत."

"चालते ना? मंग झालं!"

त्यानं कागद खिशात घातला, आणि माझं डोकं फिरलं. "जा!" मी म्हणालो. "पुन्हा या फाटकात पाय ठेवशीन तर तंगडी मोडीन!"

तो तीन नंबरपाशी गेला, तिचं तेल तपासलं, हात पुसले आणि निघाला. स्टेशन माझ्या आवारापासून शंभर पावलांवर. मी गेलो नाही.

माझं काय चुकलं ते कोणीतरी मला दाखवून द्यावं. माझ्या गाड्या उघडून तो शिकला. माझ्या जिवावर त्यानं खुर्ची नाकारली. आणि मॅट्रिकच्या जोरावर मला, चौथीत शाळा सोडलेल्याला, टाकून गेला. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं. "तीन नंबरचा आवाज कसा आहे? दुसऱ्या गिअरात खरखर करते का? तेल बदलावे. सदाशिव." बस. किसनभाऊ, तुम्ही कसे आहात, एवढं लिहायला किती शाई लागते? मीही तसंच उत्तर दिलं. "आवाज बरा आहे. खरखर आहे." पुढल्या महिन्यात पुन्हा कार्ड. खरखर कशी आहे, थंड असताना होते की तापल्यावर? असं दोन वर्षं चाललं. मी गाडीजवळ उभा राहून कान लावायला शिकलो, कारण उत्तर चुकलं की पुढचं कार्ड रागाचं येई.

मग तीन नंबर मी विकली. सदूशिवाय ती कोणाचं ऐकेना. कुरखेड्याचे धानाचे व्यापारी बालाजीभाऊ यांनी घेतली, आणि भाव मी सोडला नाही. हे सदूला मात्र कळवलं नाही. गाडी गेली म्हटल्यावर तो विचारणार कशाबद्दल? मी आपला लिहीत राहिलो. "सकाळी चालू व्हायला वेळ घेते. चढावावर धूर काढते." दुसऱ्या ट्रकांची दुखणी तिच्या नावावर खपवली. धंद्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण एवढं कष्टानं कधी नाही. सदू दर वेळी इलाज लिहून पाठवी, अगदी बारीक अक्षरात, कार्डाच्या कडेपर्यंत.

गेल्या उन्हाळ्यात बालाजीभाऊ वडशाला आले. चहा घेताना म्हणाले, "तुमचा सदू लई गुणाचा आहे बरं. दिवाळीत आल्ता. अर्धा दिस गाडीखाली होता, पैसे घेतले नाई."

मी बशी खाली ठेवली. "दिवाळीत? कुठी?"

"कुरखेड्याले, माझ्या घरी. वडशावरूनच आल्ता, गाडी माझ्याकडे आहे हे त्याले तिथं स्टेशनावर समजलं. तुमच्या फाटकासमोर उभा राह्यलो म्हणे, पण भाऊनं पाय ठेवू नको म्हटलं होतं. म्या म्हटलं, गाडी इकल्याचं तुले समजलं, हे किसनभाऊले लिहू का? तर म्हणे, नका लिहू. मंग मले कार्डात इचाराले काय राहीन?"

बालाजीभाऊ गेल्यावर मी दिवाळीनंतरची कार्डं काढली. प्रत्येकाची सुरुवात तीच. तीन नंबरचा आवाज कसा आहे?

परवा शेवटचं आलं. डिप्लोमा पार पडला. दूर कलकत्त्याकडे इंजिनं बनवायच्या कारखान्यात जागा मिळते आहे. तिथं इंजिन काऊन चालतं हे माणसं कागदावर आधी मांडतात, मग बनवतात, असं त्यानं लिहिलं होतं. खाली नेहमीसारखं, "तीन नंबरले माझी गरज आहे का? असल्यास तिकडे हो म्हणत नाही. वडशाला येतो."

आयुष्यभर मी सौदे केले. समोरच्यानं आपण होऊन असा हात पुढं केला की तो कसा धरायचा, हे मला शिकवायला नको. एक शब्द पुरला असता. कार्ड घेऊन मी दुपारभर गादीवर बसलो. दोन गिऱ्हाइकं आली, ती मी परत पाठवली.

शेवटी लिहिलं, "तीन नंबर झकास चालून राह्यली. काहीच आवाज नाई. तू हो म्हण. तिकडचं पाणी जड असते, उकळून पीत जा."

पोस्टात जाऊन कार्ड पेटीत टाकलं. मग आत शिरून पोस्टमास्तरांशी कडाक्याचं भांडलो. कशावरून, ते मला आता आठवत नाही.