हलत नाही ते घरासोबत

घरांच्या दलालीत लोक वकिलाला घाबरतात, नोटिशीला घाबरतात. मी कोणाच्या बापाला घाबरत नाही! कारण माझ्याकडे छापील करारनामा आहे. आमच्या संघटनेनं मंजूर केलेला, कुठल्याही व्यवहाराला चालणारा. रिकाम्या जागा भरा, सही करा, मोकळे व्हा. आणि हाताखालच्या माणसानं भरलेला कागद माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय ऑफिसबाहेर पडत नाही. निदान मी सगळ्यांना तसं सांगतो.

हाताखालचा माणूस म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे त्याला कामावर घेऊ का, हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. पहिल्याच दिवशी मी त्याला करारातलं सगळ्यात किचकट कलम चुटकीसरशी शिकवलं. "घरासोबत काय द्यायचं आणि काय नाही? सोपं आहे. ढकलून बघ. हलत नाही ते घरासोबत जातं!"

पहिलं काम घरचंच दिलं. आमचा फ्लॅट विकून मोठा घ्यायचा होता. नव्या घराचं टोकन देऊन बसलो होतो, म्हणजे ही विक्री फिसकटली की तेलही गेलं, तूपही गेलं! रविवारी दुपारी मेहुणा घरी आला, खोल्याखोल्यांतून वस्तू ढकलत फिरला आणि यादी भरली. मी जातीनं देखरेख केली, सही ठोकली. घर घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही सही केली. त्यांना मी छाती फुगवून सांगितलं, "बाई, कागदावर आहे ते ब्रह्मवाक्य. मलाही बदलता येत नाही!"

ताबा द्यायच्या सकाळी दारात टेम्पो उभा. बाई यादी घेऊन आल्या.

"बेसिन, आहे. पंखे, आहेत. आरामखुर्ची..." त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. "काका, जरा उठता?"

निवृत्त झाल्यापासून बाबा आणि ती खुर्ची कोणी वेगवेगळे पाहिलेले नाहीत.

"कशाला?"

"खुर्ची आता माझी आहे ना."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "काय रे, बापाची खुर्ची विकलीस?"

मी मेहुण्याला कोपऱ्यात ओढलं. "अरे शहाण्या, खुर्ची कशी लिहिलीस?"

"ढकलली, दाजी. हलली नाही."

"बाबा बसले होते तिच्यात!"

"मग त्यांना ऊठ म्हणू? ताईच्या सासऱ्यांना? ताईनं मला जिवंत ठेवलं असतं का?"

"माझ्या भावाला काही बोलायचं नाही!" स्वयंपाकघरातून बायको गरजली. "खाली सही कोणाची आहे?"

मी बाईंपुढे हात जोडले. "नवी कोरी खुर्ची आणून देतो, पण ही..."

"पण ब्रह्मवाक्य ना? आणि मी भाव दिला तो यादी बघूनच. नाहीतर मोडू या व्यवहार."

"मी उठत नाही," बाबा म्हणाले. "न्यायची तर माझ्यासकट न्या!"

खाली टेम्पोवाला हॉर्न बडवत होता. नव्या घराचा मालक पैशांसाठी फोनवर फोन करत होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला खुर्ची बाबांसकट देऊन टाकावीशी वाटली.

बाईंनी बाबांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, अगदी बाईंच्या दवाखान्यातल्या पेशंटसारखे. बाईंना हसू आलं. "राहू द्या काका, तुमची खुर्ची तुम्हाला."

मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मी सोफ्यावर भागवीन," बाई म्हणाल्या. "तोही यादीत आहेच."

"सोफा? माझा सोफा यादीत कसा?"

मेहुणा स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. "ढकलला, दाजी. चांगला जोर लावून ढकलला. पण तुम्ही होतात त्यावर."

"मी तर देखरेख करत होतो!"

"हो ना. घोरत होतात."

तर आता नव्या घरात बाबा आरामखुर्चीत बसतात आणि मी समोर सतरंजीवर. ऑफिसात देखरेख अजून माझ्याकडेच आहे. फक्त ती उभ्यानं करायची, असं बायकोनं ठरवून दिलंय.