क्लेमनं न लावलेलं फाटक

वाट जेमतेम नऊ किलोमीटरची होती, पण क्लेम आणि नोलीन सकाळपासून तिच्यावरच होते. पोस्टातून निवृत्त झालेल्या क्लेमला प्रत्येक वळणापलीकडे काय आहे ते बघायचं असे, आणि वाट संपेपर्यंत त्याची बायको नोलीन गाडीतून खाली उतरायला कंटाळलेली असे.

वाळूचा कोरडा ओढा लागला तेव्हा चाकं रुतू नयेत म्हणून क्लेमनं टायरांतली हवा कमी केली. ओढ्यापलीकडे कुंपणाचं फाटक होतं. त्यानं ते उघडलं, गाडी आत घेतली, आणि समोर लाल मातीत उमटलेले कसलेसे पायाचे ठसे बघायला गेला.

"इमू पक्ष्याचे असतील," नोलीन गाडीतूनच म्हणाली.

"इमूला तीन बोटं. इथं चार आहेत!"

चौथं बोट म्हणजे काटकी होती. तेवढ्यात मागून 'बॅऽऽ' ऐकू आलं. ओढ्याकडच्या बावीस मेंढ्या आत येऊन ते ठसे बघत उभ्या होत्या.

"फाटक लावलंस ना?"

"मला वाटलं, तू उतरलीस."

"मी कशाला उतरू?"

नोलीननं त्यांना हुसकायला खिडकीतून टोपी हलवली. मेंढ्या तीन पावलं मागं सरकल्या आणि पुन्हा कौतुकानं बघू लागल्या. क्लेम गाडी घेऊन त्यांच्यामागं धावला, तर त्या गाडीच्याच मागं धावू लागल्या. "अरे वा! मग मी पुढं, त्या मागं!" म्हणत तो फाटकातून ओढ्यात शिरला. वळताना नेमकी वाट सुटली आणि चारही चाकं वाळूत रुतली. मेंढ्या फाटकापर्यंत आल्या, तमाशा बघितला आणि परत आत गेल्या.

क्लेम फावड्यानं वाळू उपसत असताना ट्रकमधून धूळ उडवत मेंढ्यांची मालकीण आली. रोंडा तिचं नाव.

"ह्या मेंढ्या आत कशा गेल्या?" तिनं विचारलं.

क्लेमनं फावडं खाली ठेवलं. "चूक माझी. फाटक..."

"चूक कसली! पाणी आत आहे. तीन दिवस मी, दोन कुत्री आणि मोटरसायकल, सगळे त्यांना आत हाकून दमलो. एक पाऊल टाकेनात!" रोंडानं दोर लावून गाडी ओढून काढली. मग हळूच विचारलं, "तुम्ही नेमकं केलंत तरी काय?"

क्लेमनं छाती पुढं काढली. तो तोंड उघडणार, तोच नोलीन म्हणाली, "काहीच नाही. चाळीस वर्षं बघतेय, त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही."

रोंडानं गंभीरपणे मान हलवली.

"मग उद्या येऊन पुन्हा कराल का? अजून साठ बाहेर आहेत."