धोंडूकाकांची लाल बाटली

मुलांनो, मॉरिशसमधले आमचे शेजारी धोंडूकाका यांच्या जुन्या मॉरिस गाडीत पुढे बसायचं तर दोन्ही पाय दाराकडे वळवून, अंग चोरून बसावं लागे. पाय ठेवायच्या जागी आग विझवायची लाल बाटली लोखंडी पट्ट्याने जखडलेली असे.

काका साखर कारखान्यात फिटर होते. एकटे राहत. बाटली त्यांनी आधी डिकीत ठेवली होती. एकदा इंजिनातून धूर आला आणि डिकीचं कुलूपच उघडेना. मग ती सीटखाली गेली. तिथून उतारावर घरंगळत ब्रेकखाली. तेव्हा काकांनी स्वतः पट्टा घडवला आणि नियम केला, "हाताला लागावी, पायाला लागू नये." आमच्या नडग्या त्यांच्या हिशेबात नव्हत्या.

गणेश चतुर्थीला मूर्ती समुद्रावर न्यायची होती. पुजारी म्हणाले, "बाटली काढा, बाप्पाला पुढे बसवा."

"बाप्पा पाण्यातच चाललाय, बुवा. त्याला आगीचं काय भय? भय तुम्हाला नि मला."

बाप्पा मागे बसले.

तुमच्या आईला, माझ्या लेकीला, गाडी काकांनीच शिकवली. पहिला आठवडा नुसता पट्टा सोडायचा सराव. "काका, आग लागण्याआधी थोडी गाडी चालवू द्या," ती म्हणे.

पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती लग्न होऊन लंडनला निघाली. विमानतळापर्यंत काकांचा एकच घोर. "जावई गाडी घेतील. बाटली कुठे ठेवणार?"

"बघू, काका."

"आयो बेटी, बघू म्हणजे डिकीत."

विमानतळावर त्यांनी पाना काढला, पट्टा खोलला आणि स्क्रूंसकट रुमालात बांधून तिच्या हातात दिला. "बाटली तिकडे मिळेल. पट्टा कोण करून देणार?"

ती पाया पडली. "जा, उशीर होईल," एवढंच ते म्हणाले. विमान सुटेपर्यंत थांबायलाही तयार नव्हते.

परतताना बाटली सुटीच होती. "धोंडूभाऊ, हिला कुठे ठेवू?" मी विचारलं.

"मांडीवर घ्या, वहिनी. आजच्या दिवस."

मी ती तान्ह्या बाळासारखी धरून बसले. सूयाक गावाच्या अलीकडे डोक्यावरून विमान गेलं. काकांनी गाडी उसाच्या कडेला थांबवली आणि ते दिसेनासं होईपर्यंत काचेतून बघत राहिले.

"वहिनी, विमानात कुठे ठेवत असतील?"

मला काय ठाऊक. तरी म्हटलं, "तिच्या जवळच असेल."

त्यांनी मान डोलावली आणि गाडी चालू केली.