धोंडिबाची गाडी सरळ झाली

कंपनीच्या गेटाशी ‘अपघात टाळा’ असं लिहिलेला पत्र्याचा बोर्ड धोंडिबाच्या ट्रकनं पाडला, तेव्हा सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन नुकतंच आटपलं होतं. फोडलेल्या नारळाचं पाणीसुद्धा अजून वाळलं नव्हतं. बोर्ड आडवा झाला आणि त्याच्यावरचा झेंडूचा हार ट्रकच्या बंपरला अडकला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सत्कार ट्रकचाच आहे.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या कंपनीत मालाच्या गाड्यांचं बघायला चिंतामणी साहेब होते. ते हातातला पेढा तसाच धरून धावत आले.

“धोंडिबा, डोळे कुठे होते तुझे?”

“समोरच होते, साहेब. गाडी सरळच होती. बोर्डच मधे आला.”

“बोर्डाला काय पाय असतात?”

“दोन बांबू होते की,” धोंडिबा म्हणाला. यात त्याला गंमत करायची नव्हती. गंमत हा प्रकारच त्याच्या स्वभावात नव्हता. हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेराव्याला आल्यासारखा जेवायचा. आता काहीतरी वाईट होणार, हे तो आधीच धरून चालायचा, आणि दुर्दैव असं की बहुतेक वेळा त्याचंच खरं व्हायचं.

या वेळीही झालं. चिंतामणी साहेबांनी गाडीच्या मालकाला, म्हणजे उल्हासनगरच्या टहिलराम शेठना, बोलावून घेतलं आणि तोंडावर सांगितलं, “गाडी डावीकडे ओढते. सरळ होत नाही तोवर माझ्या गेटात आणायची नाही.”

शेठ धोंडिबाला बाजूला घेऊन म्हणाले, “साईं, चेटीचंडपर्यंत, आमच्या नव्या वर्षापर्यंत बघतो. सरळ झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकतो. जुनी झाली रे आता.”

शेठ गाडीबद्दल बोलत होते, पण धोंडिबाला ते स्वतःबद्दल ऐकू आलं. चष्मा लागलेला, केस पिकलेले, गुडघा धरलेला. ही गाडी गेली तर या वयात आपल्या हातात दुसरं स्टेअरिंग कोण देणार? नवीन गाड्यांवर सगळी तरणी पोरं. गाडी भंगारात गेली की आपणही गेलो, हे त्यानं त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं.

मग औषधपाणी सुरू झालं. पहिला डॉक्टर म्हणजे अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ बसणारा पंक्चरवाला चंदू. त्यानं पुढच्या दोन्ही टायरांची हवा बघितली. सारखी होती.

“मग डावा टायर उजवीकडं टाकू आणि उजवा डावीकडं,” चंदू म्हणाला. “टायरचा दोष असंल तर आता उजवीकडं ओढंल. नसंल तर दोष आत हाय.”

अदलाबदल केली. गाडी डावीकडेच गेली. दोष आत आहे हे ऐकून धोंडिबा उगाचच छातीवरून हात फिरवायला लागला. मग कुणीतरी म्हणालं, डावा ब्रेक धरत असेल. बदलापूरपर्यंत एक फेरी मारून आल्यावर त्यानं दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या ड्रमना हात लावून बघितला. दोन्ही सारखेच कोमट होते, म्हणजे ब्रेक धरत नव्हता. आणखी कुणी म्हणालं, गाडीला लिंबू-मिरची बांध. “आपल्यात चालत नाही ते,” धोंडिबा म्हणाला, आणि केबिनमधल्या बाबासाहेबांच्या फोटोची काच उगाच पुसून घेतली.

शेवटी गाडी उल्हासनगरला हरिचंद्र मिस्त्रीकडे गेली. हा मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी ड्रायव्हरचा अपमान करून घ्यायचा. त्याशिवाय त्याला अवजार हातात धरवत नसे. मोकळ्या सपाट मैदानात तो धोंडिबाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “स्टेअरिंग सोड.”

“सोडू?”

“सोड म्हणतो ना!”

धोंडिबानं हात वर केले. गाडी डावीकडे वळली आणि संथपणे एका चहाच्या टपरीकडे निघाली. टपरीवाला किटली घेऊन पळाला तेव्हा कुठे धोंडिबानं ब्रेक मारला.

“कधीपासून ओढते?”

“ओढत नाही रे. मी कधी बघितलीच नाही ओढताना.”

“बघणार कशी? तू कधी हात सोडलास का? गाडी तिकडं ओढते, तू इकडं ओढतोस, आणि दोघं मिळून म्हणता आम्ही सरळ!”

मिस्त्रीनं पुढचा एक्सल जॅकवर उचलला. चाक वरून-खालून धरून हलवलं. खडक खडक आवाज आला. “ब्रेक दाबून धर,” तो ओरडला, आणि पुन्हा हलवलं. तरी खडक खडक. “ब्रेक दाबल्यावर थांबलं असतं तर बेअरिंग. थांबत नाही, म्हणजे किंगपिन. ज्या खुंटीवर चाक वळतं, तीच झिजलीय.” मग त्यानं चाक आडवं हलवलं. तेही डुललं. “टाय रॉडचे एन्डपण गेले. डावी किंगपिन गेली, बूश गेले, सगळंच गेलं. तू जिवंत कसा आहेस?”

हा प्रश्न धोंडिबाला अधूनमधून स्वतःलाही पडायचा.

चेटीचंड तोंडावर आलं तेव्हा गाडीचं काम पुरं झालं. रिवाजाप्रमाणे जुने पार्ट धोंडिबा पिशवीत घालून घरी घेऊन गेला. ड्रायव्हरच्या घरात जुना पार्ट वाया जात नाही. त्याच्या घरी माठ बेअरिंगच्या रिंगवर बसायचा, आणि कोयता होता तो गाडीच्या जुन्या कमान-स्प्रिंगच्या पट्ट्याचा. बायको चांगुणानं डावी किंगपिन हातात तोलून बघितली, राख लावून घासली आणि खलात टाकून लसूण ठेचला.

“झ्याक हाय,” ती म्हणाली. “लाकडी बत्त्यापरीस जड. इतक्या वर्षांत तुमच्या गाडीनं माझ्यासाठी एक काम केलं.”

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. उल्हासनगरपासून एमआयडीसीपर्यंत गाडी मिस्त्रीनं स्वतः चालवली, कारण केलेल्या कामाचा मान त्याला हवा होता. धोंडिबा शेजारी बसला आणि शेठ स्कूटरवरून मागे. कंपनीचा रस्ता लागला तशी मिस्त्रीनं गाडी थांबवली. “घे. साहेबांसमोर तू आण.”

गेटाशी चिंतामणी साहेब उभे होते. मागचा अनुभव जमेला धरून त्यांनी बोर्ड ठोकून सरळ केला होता आणि गेटाच्या उजव्या अंगाला हलवला होता. डावीकडे ओढणाऱ्या गाडीपासून उजवी बाजू सुरक्षित, असा त्यांचा सरळ हिशेब. सप्ताह संपला होता, पण बोर्ड काढायचा हुकूम वरून आला नव्हता.

धोंडिबानं गाडी चालू केली. अंगातला सगळा जीव हातात आणून, जसं कायम धरत आला तसंच स्टेअरिंग धरलं. गाडी गेटासमोर आली आणि, अरे देवा, उजवीकडे निघाली! धोंडिबानं ब्रेक मारला, पण तोवर ‘अपघात टाळा’ चाकाखाली गेलं होतं.

मिस्त्री लालबुंद झाला. “उतर खाली!” त्यानं गाडी मागे घेतली, पुन्हा चालू केली आणि स्टेअरिंग सोडून दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले. गाडी ओळंब्यात धरल्यासारखी सरळ गेटातून आत गेली.

“गाडीत काही नाही, शेठ,” मिस्त्री उतरून म्हणाला. “झिजलेलं सगळं बदललं मी. जे राहिलंय ते माझ्या गॅरेजात बदलत नाही.”

सगळे धोंडिबाकडे बघायला लागले. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं त्या सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. इतकी वर्षं डावीकडच्या ओढीला उजवीकडे ताणून ताणून धोंडिबाचे खांदेच तसे घडले होते. गाडीचा आजार गेला, पण त्याच्यावरचा उपाय धोंडिबाच्या अंगात तसाच राहिला होता.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग घसा खाकरला. “गाडी ठेवतो मी. चांगली झाली. पण साईं, तू आता आराम कर. कल्याणचा एक पोरगा आहे, गुरुदत्त. उद्या त्याला रस्ता दाखव. जाताना तू चालव, गेटात माल उतरला की गाडी त्याच्या हातात दे.”

म्हणजे ज्या गाडीला वाचवायला धोंडिबा महिनाभर वणवण फिरला, ती वाचली आणि तोच वाचायचा राहिला. त्याला रडू आलं असतं, पण समोर वॉचमन होता.

संध्याकाळी चांगुणा त्याला ओढून बाजारात घेऊन गेली. घरात बसून हा माणूस भिंतीला टक लावून बघणार, हे तिला ठाऊक होतं. भाजीवाल्याशी घासाघीस करायला ती मागे थांबली आणि धोंडिबा आपल्याच तंद्रीत पुढे निघाला. थोड्याच वेळात तो उजवीकडच्या कांद्याच्या ढिगात होता.

“ओ काका, आंधळे का काय?” कांदेवाली ओरडली.

चांगुणा धावत आली. त्याला बाहेर काढलं, त्याच्या उजव्या हाताला आली आणि कोपर धरून चालू लागली. “मी नसले का असंच. नेमका उजव्या अंगाला जाता.”

“कधीपासून?”

“लई वर्षं झाली. म्हणून तर मी या बाजूनं चालते. जरा डावीकडं रेटत ऱ्हायलं की नीट जाता तुमी.”

धोंडिबा रस्त्यातच थांबला. “म्हणजे मला डावीकडं रेटणारं कुणीतरी लागतं.”

“आता मी काय गाडीत येऊन बसू?”

“नको,” धोंडिबा म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा थोडा हलला. “पण ती किंगपिन दे. परत बसवून घेतो.”

“हात लावून बघा! ती आता माझी हाय. आन् झिजलेला पार्ट घालून जीव द्यायचाय का? दुसरं काय ते बघा.”

दुसरं काय ते सकाळी चंदूकडे सापडलं. “पुढच्या डाव्या टायरची हवा थोडी कमी कर,” धोंडिबा म्हणाला.

“धोंडिबाकाका, डावीकडं ओढंल की मग!”

“जरासंच ओढू दे.”

चंदूनं हवा काढली. धोंडिबानं एक चक्कर मारली, परत आला, अजून थोडी काढायला लावली. मग गुरुदत्तला शेजारी बसवून तो निघाला. नेहमीसारखंच स्टेअरिंग धरलं आणि गाडी सरळ जायला लागली. गेटाशी शेठ आणि चिंतामणी साहेब दोघेही उभे होते. वाकलेला बोर्ड पुन्हा ठोकून, कालच्याच जागी, जरा तिरपा उभा केला होता. धोंडिबाची गाडी त्याच्या शेजारून अशी आत गेली की त्याच्यावरची धूळसुद्धा उडाली नाही.

“अरेच्चा!” साहेब म्हणाले.

गाडीतली मालाची पिंपं उतरवून झाली. आता गाडी गुरुदत्तच्या हातात द्यायची होती. हवेचं त्याला सांगावं, असं धोंडिबाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पोरगा म्हणाला, “उतरा काका, तुमचा जमाना गया,” आणि धोंडिबा मुकाट्यानं उतरला.

आत येताना जो बोर्ड उजवीकडे होता, तो बाहेर जाताना डावीकडे येतो. गुरुदत्तनं एका हातात स्टेअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं केस मागे घेतले आणि गेटाबाहेर पडता पडता बोर्ड तिसऱ्यांदा आडवा केला.

“साला खिंचती है ये गाडी लेफ्ट को!” तो ओरडत उजव्या दारानं उतरला आणि पुढच्या उजव्या टायरला लाथ मारून बघितली. टायर टणक होता. “हवा तर बरोबर आहे!”

“खोटं बोलू नकोस,” चिंतामणी साहेब कडाडले. “आत्ताच सरळ आत आली माझ्या डोळ्यांदेखत. शेठ, हा पोरगा मला गेटात नको. आणायची तर धोंडिबानंच आणायची.”

शेठनी एकदा ट्रककडे बघितलं, एकदा धोंडिबाकडे. “मिस्त्री काही पण बोलतो. साईं, ही गाडी तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. जोपर्यंत ती आहे तोपर्यंत तू, आणि तू आहेस तोपर्यंत ती. ज्या दिवशी एक थकेल त्या दिवशी दोघांना सोडतो.”

हे ऐकून दुसऱ्या कुणीही पेढे वाटले असते. धोंडिबा घरी आला आणि खाटेवर बसून राहिला.

“आता काय झालं?” चांगुणानं विचारलं. तिचं ठेचणं चालूच होतं.

त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, “पोराचं नाव खराब झालं गं. शेठला खरं सांगायला पाहिजे.”

“मग सांगा.”

“काय सांगू? की गाडी नीट झाली आणि मी तसाच राहिलो? आता रोज पहाटे उठून चांगल्या टायरची हवा काढायची. आजारी पडायची पण सोय राहिली नाही.”

चांगुणानं किंगपिन धुऊन फळीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

“उठा. शेठकडं जाऊन येऊ. पोराचं तेवढं सांगा, बाकीचं ते बघतील.”

“काढून टाकतील मला.”

“टाकू द्या. चला तर खरं.”

तो उठला. दाराबाहेर पडताना ती त्याच्या उजव्या बाजूला आली आणि तिनं त्याचं कोपर धरलं. शेठच्या घराचं वळण डाव्या हाताला होतं. त्या वळणावर धोंडिबाचे पाय उजवीकडे, स्टेशनच्या रस्त्याला लागले. चांगुणानं त्याला थोडं रेटलं आणि दोघं वळली.